जुनी मॅक्सी स्कूटर: आधी बेल्टचं झाकण उघडा, मग विसार द्या

प्रश्न : मी साताऱ्यात राहते आणि वाईतल्या एका शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोज सत्तरेक किलोमीटर होतात, त्यातले बरेचसे हायवेवर. सध्याची ११० सीसीची स्कूटर शेजारून ट्रक गेला की हलते आणि आता मला त्याची भीती वाटायला लागली आहे. म्हणून मोठी, मॅक्सी स्कूटर घ्यावी असं मनात आहे. नवी परवडत नाही. पुण्यात सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एका तरुणाची यामाहा एरॉक्स १५५ पाहिली. डिसेंबर २०२१ ची, मीटरवर १९,४०० किलोमीटर, पहिलाच मालक, ९५ हजार मागतो. कर्ज होतं, पण फिटलं म्हणतो. गाडी दिसायला नवीकोरी आहे. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, तेव्हा पाच हजार विसार आजच ऑनलाइन पाठवा, असं त्याचं म्हणणं. भाऊ म्हणतो, किलोमीटर कमी आहेत, कागद बघ आणि घेऊन टाक. मला गाडीतलं काही कळत नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच, आणि आई अधूनमधून मागे बसते. नेमकं काय काय बघू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

विसार आज पाठवू नका. बाकीचं सगळं सविस्तर सांगतो, पण एवढं आधी. दुसरं गिऱ्हाईक खरंच असेल आणि त्याने गाडी नेली, तर पुण्यात अशी दुसरी गाडी मिळेल. गाडी प्रत्यक्ष तपासायच्या आधी पाठवलेले पाच हजार मात्र परत मिळवणं फार अवघड असतं. आणि समोरचा माणूस सरळ असला, तरी एकदा पैसे दिले की आपलाच हात अडकतो. मग दोष दिसले तरी मन म्हणतं, चालायचंच.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कागद बघायलाच हवेत. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र या गाडीची किंमत ठरवू नका. साध्या स्कूटरपेक्षा मॅक्सी स्कूटरवर प्लॅस्टिक कितीतरी जास्त असतं. पॉलिश मारलं, पॅनल धुतलं की चार वर्षांची गाडी चार महिन्यांची वाटते. तिचं खरं वय बेल्टच्या डब्यात, कूलंटमध्ये (म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) आणि पुढच्या शॉकअपच्या सरळपणात कळतं. हे तिन्ही वरवर बघून कळत नाहीत, म्हणून ते नीट तपासायचे. मेकॅनिक सोबत न्यावा लागेल. त्याची मजुरी आणि जाण्या-येण्याचा खर्च तुम्ही करा. एवढ्या मोठ्या व्यवहारात हा खर्च सगळ्यात उपयोगी पडतो.

पण त्याआधी एक प्रश्न सोडवू. ही गाडी तुमच्यासाठी आहे का?

हायवेच्या दृष्टीने, हो. तुमची भीती अगदी खरी आहे. ११० सीसीच्या स्कूटरची चाकं दहा किंवा बारा इंची असतात आणि गाडी हलकी असते. ट्रकची हवा आडवी आली की ती ढकलली जाते. एरॉक्सची दोन्ही चाकं १४ इंची आहेत, मागचा टायर १४० मिलिमीटर रुंद आहे, वजन १२६ किलो आहे. साताऱ्याहून पाचवडपर्यंतच्या हायवेवर हा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. १५ पीएस ताकद आहे, त्यामुळे ट्रकला ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नाही. पुढच्या चाकाला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. मागे मात्र ड्रम ब्रेकच आहे.

आता दुसरी बाजू. या गाडीला सपाट फुटबोर्ड नाही. दोन पायांच्या मधे उंच कणा आहे, पेट्रोलची टाकी त्यातच आहे. साडी नेसून शाळेत जात असाल तर बसायला-उतरायला त्रास होईल. भाजीची पिशवी पायाशी ठेवायची सवय मोडावी लागेल. सीटची उंची ७९० मिलिमीटर आहे आणि सीट रुंद आहे, त्यामुळे पाच फूट दोन इंच उंचीला दोन्ही पाय पूर्ण टेकणार नाहीत, चवडे टेकतील. उभी गाडी मागे ढकलून पार्किंगमधून काढून बघा, तिथे खरी परीक्षा होते. मागची सीट आणखी वर चढलेली आहे आणि मागचे शॉकअप कडक आहेत. आईला न्यायचं असेल तर गाडी बघायला जाताना त्यांनाही न्या आणि बसवून एक फेरी मारा. त्यांना जमलं नाही तर बाकी काही तपासायची गरजच उरत नाही. टाकी साडेपाच लिटरचीच आहे, तेव्हा तुमच्या धावपळीत दर तिसऱ्या दिवशी पंप गाठावा लागेल.

आईचं बसणं आणि सपाट फुटबोर्ड तुम्हाला जास्त महत्त्वाचं वाटत असेल, तर सुझुकी बर्गमन स्ट्रीट १२५ बघा. २०१८ पासून आपल्याकडे विकली जाते, सपाट फुटबोर्ड आहे, सीट ऐसपैस आहे. मात्र तिचं पुढचं चाक १२ इंची आणि जुन्या मॉडेलांचं मागचं चाक फक्त १० इंची आहे. मागेही १२ इंची चाक असलेली ईएक्स आवृत्ती २०२२ च्या अखेरीस आली. हायवेसाठी घ्यायची तर तीच शोधा. बारामतीच्या कारखान्यात बनणारी अप्रिलिया एसएक्सआर १६० सुद्धा याच गटातली. तिला सात लिटरची टाकी आहे आणि बसायला ती आरामशीर आहे. पण ती घेण्याआधी साताऱ्यात किंवा कराडला तिचं काम करणारं सर्व्हिस सेंटर आज चालू आहे का, हे स्वतः जाऊन बघा. जुन्या मॅक्सीच्या बाबतीत ही चौकशी मी सगळ्यांनाच करायला सांगतो. २००६ मध्ये आलेली कायनेटिक ब्लेझ १६५ ज्यांनी हौसेने घेतली होती, त्यांना विचारा. इटालजेट या इटालियन कंपनीच्या डिझाइनवरची देखणी गाडी होती. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकींचा धंदा महिंद्राकडे गेला आणि पुढे एकेका पार्टसाठी लोकांना दारोदार फिरावं लागलं. एरॉक्सच्या बाबतीत आज ती अडचण नाही.

तर धरून चालू की एरॉक्सच हवी. जायच्या आदल्या दिवशी मालकाला फोन करून दोन गोष्टी सांगा. एक, सकाळी लवकर येते, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. दोन, सोबत मेकॅनिक आहे, तो डावीकडचं बेल्टचं झाकण उघडून बघणार आहे. गॅस्केट खराब झालं तर त्याचा खर्च मी देते. या दुसऱ्या वाक्यावर तो काय म्हणतो ते नीट ऐका. "या की, माझ्या ओळखीचं गॅरेज खालीच आहे" म्हणाला, तर चांगली खूण. झाकण अनोळखी माणसाने उघडू नये असं त्याला वाटत असेल, तर तेही रास्त आहे. मग तुमच्या खर्चाने यामाहाच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन तपासू म्हणा. दोन्हींना नकार आला, तर पुण्याची फेरी वाचली असं समजा.

पोचल्यावर गाडीकडे बघायच्या आधी तिच्या खालच्या फरशीकडे बघा. तेलाचा ओला डाग, हिरवट-निळसर पाण्याचा थेंब दिसतो का? मग इंजिनाजवळ हात नेऊन बघा. कोमट लागलं तर सांगूनही गाडी तापवून ठेवली आहे. कारण विचारा. गार इंजिन चालू होताना जे आवाज करतं, जो धूर सोडतं, तो तापल्यावर लपतो.

किल्ली फिरवा, पण सेल्फ मारू नका. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा आणि एबीएसचा दिवा लागायला हवेत. इंजिनाचा दिवा गाडी चालू झाल्यावर विझतो. एबीएसचा दिवा गाडी थोडी पुढे गेल्यावर विझतो. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळतं. दिवा मुळात लागतच नसेल, तर तो कुणीतरी बंद करून ठेवला असू शकतो, आणि हे बघायचं पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. किल्ली पुन्हा-पुन्हा फिरवून खात्री करा.

आता सेल्फ. या गाडीला किक नाही, तेव्हा बॅटरी कमजोर असेल तर तुम्ही पाचवड फाट्यावर अडकून पडाल. पहिल्या-दुसऱ्या दाबाला गाडी चालू व्हायला हवी. मेकॅनिककडे मल्टिमीटर असेल तर बंद गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू गाडीत साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. गार सकाळी सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ येते, ती मिनिटाभरात जाते. त्याची काळजी नको. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. मग रिंग-पिस्टनचं काम निघू शकतं आणि अशी गाडी तुम्ही घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी.

ऑइलची काडी काढून बघा. काळं ऑइल म्हणजे बदलायला झालंय, एवढंच. पण चहात दूध घातल्यासारखा रंग दिसला, तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळलंय. तिथूनच परत फिरा. एरॉक्स पाण्याने थंड होणारी गाडी आहे. तिचा छोटा रेडिएटर उजव्या बाजूला इंजिनाला लागूनच बसवलेला असतो आणि चिखल, कचरा तिथे साचतो. जाळीतून टॉर्च मारून बघा, पट्ट्या दबलेल्या किंवा चिखलाने बुजलेल्या आहेत का. कूलंटच्या टाकीतली पातळी खुणांच्या मधे हवी आणि रंग स्वच्छ हवा. गंजलेलं तांबूस पाणी म्हणजे कुणीतरी कूलंटऐवजी नळाचं पाणी भरत आलंय. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू देऊ नका, वाफेने हात भाजतो.

आता बेल्टकडे वळू. मी सगळ्यात जास्त भर इथेच देतो.

स्कूटरला गिअर नसतात, त्यांचं काम बेल्ट करतो. पुढे व्हेरिएटर, म्हणजे वेगाप्रमाणे बेल्टची पकड बदलणारी चाकी, त्यात सहा छोटे रोलर, मागे क्लच, आणि दोघांमधे रबरी बेल्ट. १२५ सीसीच्या शांत चालवलेल्या स्कूटरमध्ये हे सगळं बराच काळ टिकतं. १५ पीएसच्या गाडीत, पुण्याच्या सिग्नलला सिग्नल रेटत चालवल्यावर त्याच्यावर फार ताण येतो. साधारण वीस-पंचवीस हजारांच्या टप्प्यात बेल्ट बदलायचा असतो. नेमका आकडा गाडीसोबतच्या मॅन्युअलमध्ये आहे. म्हणजे १९,४०० चं मीटर बघून भावाला जी गाडी कमी चाललेली वाटते, तिचा हा खर्च आता अगदी तोंडावर आलाय. पुष्कळ लोक गाडी नेमकी याच सुमाराला विकायला काढतात, हे ध्यानात ठेवा. मालकाला विचारा, बेल्ट कधी बदलला? बदलला असेल तर बिल दाखवा.

झाकण उघडल्यावर मेकॅनिकच्या खांद्यावरून तुम्हीही बघा, यात न कळण्यासारखं काही नाही. आत काळी कोरडी धूळ असणारच, ती झिजलेल्या रबराची आणि क्लचची. ओलसर तेलकट काळं दिसलं तर कुठलं तरी ऑइल सील गेलंय. बेल्ट बाहेर काढून उलटा वाकवायला सांगा. दातांच्या फटीत बारीक चिरा दिसतात का, कडेचे धागे सुटलेत का, बाजू काचेसारखी चकाकते का, ते बघा. रोलर तळहातावर घेऊन फिरवा. ते गोल असायला हवेत. एका बाजूने चपटे झाले असतील तर बोटाला लगेच कळतं. क्लचच्या बाहेरच्या वाटीत निळे-जांभळे पट्टे दिसले, तर ती वाटी फार तापलेली आहे. सिग्नलला ब्रेक धरून अॅक्सिलरेटर पिळायची सवय असणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास दिसतं.

आणखी एक शक्यता. या गाड्या हौशी तरुण घेतात आणि पिकअप वाढवायला हलके रोलर, वेगळ्या स्प्रिंगा, बाहेरचा सायलेन्सर, जादा लाइट बसवतात. हौस करू दे त्यांना, पण तुम्हाला रोज सत्तर किलोमीटर जायचंय. हलक्या रोलरमुळे हायवेवर इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर पळतं आणि पेट्रोल जास्त जातं. काही बदललं असेल तर मूळ पार्ट मागून घ्या. वायरिंग तोडून, चिकटपट्टी गुंडाळून जोडलेले जादा दिवे असतील, तर ते मूळ स्थितीत आणून मगच गाडी घ्या. तिथूनच बॅटरी उतरते आणि तिथूनच आग लागायचा धोका असतो. गाडीवर रंगीत रॅप चिकटवलेला असेल, तर एका कोपऱ्यातून तो उचलून दाखवायला सांगा. खाली ओरखडे आहेत की तुटलेलं पॅनल आहे, ते कळायला हवं.

पॅनलवरून अपघाताचा माग निघतो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या फटी सारख्या आहेत का? एका बाजूचं प्लॅस्टिक जास्त नवं, जास्त चमकदार दिसतं का? स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर पॅनल बऱ्याचदा उघडलं गेलंय. ब्रेक लिव्हरची टोकं, आरशांच्या कडा, मागच्या फूटरेस्टच्या बाहेरच्या बाजू बघा. गाडी पडली की आधी हेच घासतं. एका बाजूला एखाद-दुसरा ओरखडा म्हणजे पार्किंगमध्ये कलंडली, त्यात विशेष नाही. पुढून मार बसला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. गाडी मेन स्टँडवर घ्या, मेकॅनिकला मागे वजन द्यायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, आणि हॅण्डल अलगद डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर कुठे अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हॅण्डलच्या दांड्याचं बेअरिंग, गेलाय. शॉकअपच्या नळ्यांवर तेल दिसतं का, त्या एकमेकींना समांतर आहेत का, हे समोर खाली बसून बघा. खाली वाकलातच आहात, तर पोटाखालचं प्लॅस्टिकही बघून घ्या. स्पीडब्रेकरला घासून ते किती फाटलंय यावरून गाडी कशी चालवली ते कळतं.

टायरच्या बाजूवर चार आकडे एका लंबवर्तुळात असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३९२१ म्हणजे २०२१ चा एकोणचाळिसावा आठवडा. तुमच्या गाडीवर तसे मूळचेच टायर असतील, तर १९,४०० किलोमीटरनंतर मागचा टायर संपत आलेला असणार. न संपलेला असेल तर तो चार वर्षांत रबर कडक झालेला असणार. दोन्ही परिस्थितींत नवा टायर तुमच्या खर्चात धरा. १४० चा टायर साध्या स्कूटरच्या टायरपेक्षा बराच महाग पडतो. पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर नख फिरवा. कडेला उंचवटा लागला तर डिस्क झिजलीय. मीटरवरचा आकडा खरा आहे का, याचा अंदाजही अशाच गोष्टींवरून बांधायचा. मीटरवर वीस हजारही नाहीत आणि डिस्क खोल गेलेली, हॅण्डलचे रबर गुळगुळीत झालेले, असं असेल तर जमत नाही. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर त्या दिवसाचे किलोमीटर लिहिलेले असतात. ती बिलं तारखेप्रमाणे लावून बघा.

सिंहगड रस्त्याचा उल्लेख तुम्ही केलात, म्हणून हेही विचाराच. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी एकतानगरी आणि आसपासच्या सोसायट्यांत शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. हा तरुण कदाचित टेकडीवरच्या सोसायटीत राहत असेल. विचारण्यात अपमान काही नाही. त्याने काही उत्तर दिलं तरी स्वतः बघा. डिकी रिकामी करून कोपऱ्यांत बोट फिरवा, सीटच्या कुलपाची स्प्रिंग गंजली आहे का बघा, हेडलाइटच्या आत मातीची रेघ किंवा ओल आहे का बघा. मेकॅनिकला वायरिंगचे एक-दोन कनेक्टर सोडवायला सांगा. पितळेवर हिरवट बुरशीसारखं चढलं असेल तर गाडी बुडालेली आहे. बेल्टच्या डब्यात काळ्या धुळीऐवजी मऊ, मातकट गाळ मिळाला तरी तेच. पुराच्या पाण्यात गेलेली इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची गाडी घेऊ नका. आज ती चालेल, पुढच्या पावसाळ्यात कुठे बंद पडेल ते कुणी सांगू शकत नाही.

विम्याचे कागद इथे उपयोगी पडतात. कुठलाही दावा न करता दरवर्षी वेळेवर विमा भरला असेल, तर नो क्लेम बोनसची सवलत २०, २५, ३५, ४५ टक्के अशी चढत जाते. चार वर्षांच्या गाडीच्या शेवटच्या पॉलिसीवर ती शून्य दिसली, तर एक तर मधे विमा तुटला होता किंवा नुकसानीचा दावा केला होता. दावा कशाचा होता, ते विचारा.

टेस्ट राइडला हेल्मेट घालून निघा, लायसन्स जवळ असू द्या आणि गाडीचा विमा चालू आहे याची खात्री करा. सोसायटीच्या आवारातल्या दोन फेऱ्यांनी काही कळत नाही. कात्रजच्या घाटाचा चढ जवळ आहे, तिथे न्या. निघताना गाडी थरथरली तर क्लच. पहिल्या मिनिटाला किंचित थरथरते, ती सोडा. वीस-तीसच्या वेगात डावीकडून खडखड आली तर रोलर. चढावर अॅक्सिलरेटर वाढवल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर बेल्ट किंवा क्लच घसरतोय. या इंजिनात मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या आसपास व्हॉल्व्हची यंत्रणा बदलते आणि मीटरवर व्हीव्हीए अशी अक्षरं लागतात. ती लागतात का, आणि लागल्यावर ओढ वाढल्यासारखी वाटते का, हे बघा. रिकामा सरळ रस्ता मिळाला की हॅण्डल न सोडता पकड फक्त सैल करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढून मार बसलेला असू शकतो. वेग कमी होताना हॅण्डल थरथरत असेल तर टायर किंवा कोनसेट. ही फेरी मेकॅनिकने मारावी, पण एकदा तुम्हीही मारा. गाडी तुम्हाला चालवायची आहे.

आता कागद. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, दिसतो. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव अजून असेल, तर "कर्ज फिटलंय" याला अर्थ नाही. कंपनीचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन मालकानेच आधी बोजा उतरवावा, मगच पुढची बोलणी. ई-चलनं वेगळी तपासा. हायवेवरच्या कॅमेऱ्यांनी किती चलनं लावलीत, हे बऱ्याच मालकांना स्वतःलाही माहीत नसतं. इंजिन आणि चेसिस नंबर फडक्याने पुसून आरसीशी ताडून बघा. दुसरी किल्ली मागून घ्या.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर त्याच्या सह्या घेऊन गाडी आणायची आणि नाव नंतर बदलायचं, असं एजंट सुचवेल. तसं करू नका. तुम्हाला ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. मालकालाही हे समजावून सांगा, कारण यात त्याचंच हित आहे. नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. गाडी विकून मोकळा झालो असं त्याला वाटेल आणि नोटीस त्याच्या घरी येईल. विमा १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करून घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे या गाडीचा तो भाग डिसेंबर २०२६ पर्यंत असायला हवा. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा दरवर्षी भरावा लागतो आणि तो बहुतेकांचा तुटलेला असतो. त्याच्या नावावरची नो क्लेम सवलत तुम्हाला मिळत नाही, ती माणसासोबत जाते.

किमतीचं बोलू. ही गाडी २०२१ मध्ये आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत १ लाख २९ हजार होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नव्या गाड्या स्वस्त झाल्या की जुन्यांचेही भाव उतरायला हवेत, पण विकणारे बऱ्याचदा आधीच्याच हिशेबाने मागतात. म्हणून बोलणी करायच्या आधी साताऱ्याच्या शोरूममधून नव्या एरॉक्सचं आजचं ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या. त्याच फेरीत पार्ट काउंटरवर बेल्ट, रोलरचा सेट, क्लच आणि ब्रेक पॅड यांचे भाव मजुरीसह विचारा. मागच्या टायरचा भाव टायरवाल्याकडून घ्या. तपासणीत जे-जे संपलेलं निघेल त्याची बेरीज ९५ हजारांतून वजा करा आणि तो कागद मालकासमोर ठेवा. नुसतं "थोडं कमी करा" म्हटल्यावर जेमतेम दोन हजार सुटतात. बिलाच्या आकड्यांवर समजूतदार माणूस बराच खाली येतो. आणि हिशेब करून नव्या गाडीतला फरक तीस-पस्तीस हजारांवर आला, तर नवीचा हप्ता परवडतो का ते एकदा घरी बसून बघा. वॉरंटी आणि पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिस हिस्टरी तुमच्या हातात राहील.

सगळं जमून गाडी घेतलीत, तर विसार नाव बदलायच्या कागदांवर सह्या होताना द्या. आकडा, तारीख, गाडीचा नंबर आणि "बोजा नसल्यास" ही अट लिहून दोघांच्या सह्या घ्या. उरलेली रक्कम बँकेतूनच द्या. बेल्ट जुना असेल तर तो पुण्यातच बदलून घ्या, कारण साताऱ्याला येताना खंबाटकीचा चढ लागतो आणि तिथे बेल्ट तुटला तर गाडी टेम्पोत घालून आणावी लागते. पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, गिअर ऑइल, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, आधी बदललं असं कुणी कितीही सांगितलं तरी. आईला मागे बसवायच्या आधी दोन आठवडे एकटीने शाळेची ये-जा करा. १२६ किलोचं वजन आणि पुढच्या डिस्कचा ब्रेक हाताच्या सवयीचा व्हायला तेवढा वेळ लागतो.

तपासणीत काय निघालं ते कळवा. मेकॅनिकने काढलेला बेल्टचा आणि रोलरचा फोटो पाठवलात, तर ते अजून किती चालतील याचा अंदाज सांगता येईल.